कोंड्याचा वाटा

गोंदियात आमच्या मोहल्ल्यातल्या मंडळाच्या दालनावर एक दगडी पाटी आहे. मंडळ ज्यांनी उभं केलं त्यांची नावं तिच्यावर कोरलेली आहेत. त्या दालनावरचे टिनाचे पत्रे मी आणले होते. रेल्वेचं एक जुनं गोदाम मोडलं तेव्हा ठेकेदाराशी दोन दिवस तोंड वाजवून, एकदा रागानं उठून गेल्याचं सोंग करून, मी ते मंडळासाठी मातीमोल भावात सोडवले. पाटीवर माझं नाव नाही. नसू दे. पण पाटीखाली भिंतीला लागून धान कांडायची एक ढेकी ठेवली आहे आणि तिच्यावर रंगानं लिहिलं आहे, ‘मंडळाची ढेकी’. हे खोटं आहे. ती ढेकी माझ्या बहिणीची होती. हे ठाऊक असलेली माणसं आता थोडी उरलीत, आणि जी उरलीत ती बोलत नाहीत. म्हणून मी लिहितो.

आम्ही मूळचे सडक अर्जुनीकडच्या एका लहान गावचे. बाप दुसऱ्याची धानाची बांधी कसायचा. मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना पायी गोंदियाला आलो आणि मालगुदामात पोती उचलू लागलो. पोती उचलता उचलता धान कळायला लागला. चार दाणे दाताखाली फोडले की जात लुचई आहे की चिन्नोर, औंदाचा आहे की गेल्या सालचा, ओल किती आहे, सारं सांगू शकायचो. पाच-सहा वर्षांत मी पाठीवरचं पोतं टाकलं आणि दलाल झालो. बिरसीकडचे शेतकरी बैलबंडी घेऊन आले की आधी मला शोधायचे. मी भांडायचो त्यांच्यासाठी. मिलवाल्या शेठजींशी भांडायचो, कधी त्यांच्यासाठी शेतकऱ्यांशीही भांडायचो. माझा आवाज मोठा आणि डोकं तापट. पण सौद्यात मी हरत नव्हतो.

माझी बहीण माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणायचो. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला बंडीत बसवून माझ्या दारात आणून सोडलं. मी म्हटलं, ‘राहा, मी दोन घास जास्त कमावीन.’ ती चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी माझ्या बायकोला म्हणाली, ‘तुझ्या भांड्यात माझा हात नको,’ आणि आमच्या घरामागच्या वाड्यात, कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेत, एक झोपडी घातली. आमच्या बापाची ढेकी गावाकडे तशीच पडली होती. तेवढी मात्र तिनं माझ्याकडून मागवून घेतली. आयुष्यात माझ्याकडून तिनं मागितलेली ती एकच गोष्ट.

ज्यांनी ढेकी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऐनाचं लांब, जड लाकूड दोन खुंटांमध्ये आडव्या आसावर बसवतात. एका टोकाला खाली मुसळ, त्याच्याखाली जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. दुसऱ्या टोकावर एक बाई पाय देते. पाय दिला की मुसळ वर उठतं, पाय काढला की धाडकन उखळात पडतं. दुसरी बाई उखळाजवळ बसून, मुसळ वर असेल तेवढ्यात हात घालून धान वरखाली करते. पाय आणि हात यांचा ताल चुकला तर बोटं गेली. पहिल्या कांडपात वरचं टरफल, म्हणजे तूस, निघतो आणि दुसऱ्यात तांदळावरचा तांबूस कोंडा.

आता यातला रिवाज असा होता. धान ज्याचा, तांदूळ त्याचा. तूस, कोंडा आणि तुटलेल्या तांदळाची कणी कांडपिणीची. ही मजुरी नव्हती, हा तिचा वाटा होता. कोणी द्यायचा प्रश्नच नव्हता, ती पाखडून आपला आपण बाजूला काढायची. बाईच्या दोन शेळ्या आणि एक म्हैस कोंड्यावर पोसल्या होत्या. कणीची पेज तिचं रोजचं जेवण. तूस ती चुलीत जाळायची. दूध शेजारी विकायची. बाबूलोकांच्या रेल्वे क्वार्टरांतल्या बायका तिच्याकडे धान पाठवायच्या, कारण मिलचा तांदूळ त्यांना शिळा लागायचा. उखळाजवळ हात घालायला शेजारची एक म्हातारी होती, आणि सूप धरायला त्या म्हातारीची सून. तिघींचं घर त्या एका लाकडावर चालत होतं. बाई मला म्हणायची, ‘बाबू, तू दिवसभर शेठजी-शेठजी करतस. माझ्या पायाखाली कोनी शेठ नाई.’ मला ते लागायचं, पण खरं होतं.

मग मंडळ आलं.

एक डॉक्टर नागपूरला शिकून आमच्या मोहल्ल्यात राहायला आले. त्यांनी आणि शाळेतून निवृत्त झालेल्या एका मास्तरांनी मिळून ते काढलं. डॉक्टर अध्यक्ष, मास्तर चिटणीस. पहाटे पोरांना दंड-बैठका, मग झेंडा घेऊन फेरी, मग नालीची सफाई. वकील नालीत उतरलेला मी पहिल्यांदा तिथे पाहिला. आठवड्यातून एकदा डॉक्टर पांढऱ्या पडद्यावर चित्रं दाखवायचे. एका चित्रात सुजलेले पाय होते. मिलचा पांढराशुभ्र तांदूळ खाल्ला की असं होतं, ते म्हणाले. ताकद कोंड्यात असते. जो देश आपला कोंडा फेकून देतो तो उभा कसा राहील? माणसं टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या. चांगलं बोलायचे.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टर, मास्तर आणि दहा-बारा माणसं बाईच्या वाड्यात आली. बाई ढेकीवर होती, मीही जवळच उभा होतो. डॉक्टरांनी हात जोडले.

‘बाई, तुम्हीच खरं स्वदेशीचं काम करून राहिल्या,’ मास्तर म्हणाले.

‘मी धान कांडून राहिली, मास्तर,’ बाई पाय न थांबवता म्हणाली.

म्हातारी खालून हसली. डॉक्टरही हसले. त्यांनी सांगितलं, आजपासून मंडळाच्या चाळीस घरांचा धान इथेच येईल. बाईनं पाय थांबवला. चाळीस घरं म्हणजे तिच्या आजवरच्या कामाच्या दुप्पट. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी तिच्या तोंडावर जे होतं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

‘फक्त एक करा,’ डॉक्टर जाता जाता म्हणाले, ‘एकदाच कांडा. तूस काढा आणि थांबा. कोंडा तांदळावर राहू द्या. आणि कणी वेगळी काढू नका, तीही अन्नच आहे.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथे उभा असलेला प्रत्येक माणूस धानाच्या मुलखातला होता. कोणाच्याही डोक्यात आलं नाही की आपण काय म्हणून राहिलो. पुरुष कांडपाच्या जागी जात नाहीत. धान घरातून जातो आणि तांदूळ घरात येतो, एवढंच त्यांना ठाऊक. मला मात्र ठाऊक होतं. चार दाण्यांत सारं ओळखणारा मी तिथे उभा होतो, आणि चाळीस घरं ऐकून मीही खूश झालो होतो.

दोन महिन्यांनी मी वाड्यात गेलो तर म्हैस नव्हती.

‘बाई, म्हैस कोठी गेली?’

‘गेली.’

‘कोठी गेली म्हंतो?’

‘खायले काय देऊ तिले? तूस?’ ती सूप आपटत म्हणाली. ‘सारा कोंडा डॉक्टराच्या चाळीस घरी जाऊन राहिला. लोकायच्या पोटात ताकद येऊन राहिली. येऊ दे.’

चुलीवरच्या गाडग्यात पाहिलं. पेज नव्हती. कोणत्या तरी भाजीचं पाणी होतं. मी विचारलं, ‘काऊन बोलली नाई तू?’

‘कोनाले बोलू? ते नमस्कार करतेत मले.’ मग सूप पुन्हा हाती घेत म्हणाली, ‘बोलीन. माझी मी बोलीन. तू मधात पडू नको. तू मधात पडला का सौदा होते.’

मी ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण माझं डोकं तापलं होतं. मी तसाच मंडळात गेलो. सतरंजीवर बैठक भरली होती. मी मिलचा दलाल, म्हणून मला त्या सतरंजीवर कधी बोलावलं नव्हतं. मी चप्पल घालून मधोमध गेलो.

‘काय गा, काय झालं?’ मास्तर म्हणाले. ‘चप्पल काढ आधी.’

‘माझ्या बहिनीची म्हैस विकून तुम्ही ताकद कमावून राहिले, आन् मी चप्पल काढू?’

डॉक्टरांना काही कळेना. मी समजावून सांगितलं, ओरडूनच सांगितलं. ते खरोखर गोंधळले. म्हणाले, ‘पण काढलेला कोंडा तर जनावरापुढे टाकतात ना? त्याला कोणी वाटा म्हणतं हे मला ठाऊक नव्हतं.’

‘ठाऊक नव्हतं तर विचारा लागते.’

मास्तर म्हणाले, ‘ही सेवा आहे. सेवेत असं पाहत नाहीत.’

‘सेवा करतो असं ती म्हनाली होती का? तुमची पोरं दंड मारतेत, दूध पितेत. ती दिवसभर दंड मारते अन् पानी पिते.’

एक-दोघं हसले. तिथेच मला समजलं की बैठक माझ्या बाजूला कलली. सौद्यात तो क्षण येतो, आणि आला की मला दुसरं काही दिसत नाही. मी तिथे बसलो, चप्पल काढली आणि भाव करायला लागलो. आधी तिघींना रोजी मागितली. त्यांनी जी सांगितली ती हसण्यावारी नेली. उठलो. त्यांनी बसवलं. तासाभरानं मी अशी रोजी कबूल करून घेतली की मिलमधल्या पुरुष हमालालाही तेवढी मिळत नव्हती. वर सणाला लुगडं. डॉक्टर म्हणाले, ‘मंजूर. पण एवढी रोजी द्यायची तर ढेकी मंडळाच्या दालनात आणावी लागेल. पाहुणे येतात, त्यांना दाखवता येईल. आणि मग बाहेरचा धान घेता येणार नाही.’

मी म्हणालो, ‘मंजूर.’

इतकं सोपं होतं ते. एका श्वासात म्हणालो. रोजी जिंकली होती, अटीकडे कोण पाहतो?

बाईला सांगायला मी जवळजवळ धावत गेलो. ती शेळीला पाला घालत होती. सारं ऐकून घेतलं.

‘ढेकी कोनाची?’ तिनं विचारलं.

‘तुझीच.’

‘मंग तू कायले देऊन आला?’

‘दिली कोठी? तेथी ठेवाची आहे फक्त. रोजी आयक ना किती...’

‘म्या तुले रोजी मागतली होती का? म्या कोंडा मागून राहिली होती. तो बी माझाच.’

‘रोजीत चार म्हशीचा कोंडा येते, बाई!’

‘हो. अन् एक मालक येते.’

मला राग आला. मी म्हणालो, जा मग तूच आणि सांग त्यांना, माझा भाऊ खोटा. माझा शब्द मोडून ये. मी हे म्हणायला नको होतं. भावानं चारचौघांत दिलेला शब्द बहिणीनं मोडला तर भावाची बाजारात काय पत राहते हे तिला ठाऊक होतं, आणि मलाही ठाऊक होतं की ते तिला ठाऊक आहे. तिनं उरलेला पाला शेळीपुढे टाकला आणि हात झटकले. मग म्हणाली, ‘उपटून ने. उखळ सांभाळ, तडा जाईल.’

आठ माणसांनी ढेकी वाहून नेली. पुढे पोरं झेंडा घेऊन घोषणा देत होती. बाई शेवटी चालत होती, डोक्यावर सूप.

दालनात भिंतीवर घड्याळ होतं. घंटा झाली की कांडायचं, घंटा झाली की थांबायचं. मास्तर चांगले गृहस्थ, पण त्यांना मोजायची सवय. ते उखळाजवळ उभे राहून म्हणायचे, ‘बस्स बाई, आणखी नको, कोंडा निघेल.’ बाईचा पाय हवेत थांबायचा. तीस वर्षं त्या पायाला कोणी थांब म्हटलं नव्हतं. पाहुणे यायचे, पांढऱ्या गांधीटोपीवाले, शुद्ध बोलणारे. मास्तर त्यांना सांगायचे, ‘ही आमची ढेकी. या आमच्या भगिनी. आता स्वावलंबी झाल्या आहेत.’ बाई खाली पाहायची. रेल्वे क्वार्टरांतल्या बायकांनी एक-दोनदा धान पाठवला, तो परत गेला, आणि मग त्यांनी मिलमध्ये पाठवायला सुरुवात केली.

मी एकदा मंडळातल्या वकिलाच्या घरी गेलो होतो. पंगत बसली होती. पानात भात पांढराशुभ्र, मिलच्या तांदळाचा. मी तो तांदूळ ओळखला, माझ्याच हातून गेलेला होता. मी म्हणालो, ‘वकीलसाब, कोंडा कोठी गेला?’ ते म्हणाले, ‘अरे भाई, पावणे आहेत, तांबडा भात कसा वाढायचा?’ मला तिथे जेवायला कोणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी मी बसलो नसतो.

मग बेचाळीस साल आलं. डॉक्टरांना नेलं, मास्तरांना नेलं, वकीलही गेले. यात मी कोणाला नावं ठेवत नाही. ते गेले, मी गेलो नाही. पोलिसांनी दालनाला कुलूप लावून सील ठोकलं. ढेकी आत, बाई बाहेर. मी ठाण्यात जाऊन भांडलो, ढेकी आमच्या बापाची आहे म्हणून सांगितलं. जमादारानं विचारलं, ‘मग मंडळात का होती? तू पण मंडळाचा का?’ आयुष्यात पहिल्यांदा मी सौद्यातून गप्प उठलो. मला कच्चीबच्ची होती.

रोजी बंद झाली. क्वार्टरांतल्या बायका परत आल्या असत्या, पण ढेकी कुठे होती? मी म्हणालो, नवी करून देतो, लाकूड आणतो. बाई म्हणाली, ‘तुझं लाकूड नको.’ शेळ्या एकेक करून गेल्या. म्हातारी त्या पावसाळ्यात वारली. तिची सून माहेरी गेली.

एका सकाळी मी मिलमध्ये धान उतरवायला गेलो तर पाखडणाऱ्या बायांच्या रांगेत बाई बसली होती. डोळ्यांपर्यंत पदर, पापण्यांवर भुशाची धूळ. ती माझ्या वशिल्यानं तिथे लागली नव्हती. फाटकावर उभी राहून, इतर बायांसारखी, स्वतः लागली होती. शेठजींनी मला विचारलं, ‘वो तुम्हारी कोई है क्या?’ मी तिच्याकडे पाहिलं. तिनं सूप उचललं आणि पाठ फिरवली. पाच वर्षं आम्ही एकाच फाटकातून आत जात होतो, आणि ती मला भाऊ म्हणून ओळख देत नव्हती.

माणसं सुटून आली. डॉक्टरांचं पोट जेलमध्ये कायमचं बिघडलं होतं. काही पचत नव्हतं. आठ पावलं चालले की बसायचे. तरी त्यांनी मंडळ पुन्हा उघडलं, आणि स्वातंत्र्याच्या दिवशी दालनात मोठा कार्यक्रम ठेवला. ढेकीला तेल लावलं, फुलं बांधली. बाईला बोलावणं गेलं की घटकाभर कांडून दाखवा. मला वाटलं, येणार नाही. ती आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर आपलं जुनं सूप.

उखळाजवळ हात घालायला म्हातारीची सून माहेराहून आली होती. बाईनं निरोप देऊन बोलावली होती हे मला नंतर कळलं. डॉक्टर खुर्चीत बसून बोलले, मंडळाची ढेकी, मंडळाच्या भगिनी. मग बाईनं पाय दिला. पाच वर्षांनी तो आवाज आला तेव्हा दालनातली पोरं पुढे सरकून बसली.

तूस निघाला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. बाई थांबली नाही. तिनं पाखडून तांदूळ पुन्हा उखळात घातला आणि पुन्हा कांडायला लागली.

मास्तर वाकून म्हणाले, ‘बस्स बाई, झालं. आता कोंडा निघेल.’

‘काढून राहिली,’ ती म्हणाली.

मास्तरांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी हातानं ‘राहू द्या’ अशी खूण केली. तांदूळ पांढरा होईपर्यंत ती कांडत राहिली. दम लागला होता, लुगडं घामानं चिकटलं होतं. मग ती खाली बसली आणि सगळ्यांसमोर सावकाश पाखडलं. तांदूळ डॉक्टरांच्या पायाशी परातीत ठेवला. कोंडा एका फडक्यात बांधला. कणी पदरात घेतली. उठली, आणि गर्दीतून वाट काढत निघाली. कोणी अडवलं नाही. कोणी टाळीही वाजवली नाही. ढेकीकडे तिनं वळून पाहिलं नाही. मागितली असती तर त्या दिवशी त्यांना द्यावीच लागली असती. मी तिच्या जागी असतो तर मागितली असती, वर लुगडंही घेतलं असतं.

मी तिच्या मागे गेलो. वाड्याच्या तोंडाशी गाठलं.

‘आन बाई, मी घेतो ते फडकं.’

‘नको.’

‘काऊन नको? वजन आहे.’

‘तू घेतलं का भाव करशील,’ ती म्हणाली. पाच वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

कोंडा तिनं शेजारच्या शेळीपुढे ओतला, तिची स्वतःची आता नव्हती. मग चूल पेटवली आणि कणीची पेज केली. मी कुंपणाच्या अलीकडे माझ्या ओट्यावर बसून पाहत होतो. वास माझ्यापर्यंत येत होता. लहानपणी आई तीच पेज आम्हा दोघांना एका ताटात द्यायची. पेज झाल्यावर तिनं एक वाटी सुनेला दिली. एक झाकून सुनेच्याच हाती डॉक्टरांकडे पाठवली. त्यांच्या पोटाला पेज सोसेल, असं म्हणाली, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. उरलेली तिनं स्वतः खाल्ली, गाडगं धुतलं आणि उपडं घातलं.

माझ्या घरी वाटी आली नाही.